सात चिंचोके जास्त

माझी सातवी अ आणि रोझलीनची सातवी ब यांच्यामध्ये भिंत नव्हती, बांबूची तट्टी होती. तट्टीतून दिसत काही नसे, ऐकू मात्र सगळं येई. त्रेपन्न सालच्या डिसेंबरात, नाताळच्या सुट्टीआधीच्या सोमवारी, पहिल्या तासाला पलीकडून अकरा वेळा हसण्याचा आवाज आला. मी मोजलं. मी हवेचे गुणधर्म उजळणीला घेतले होते. माझ्या वर्गातली अडतीस मुलं माझ्याकडे बघत होती आणि पलीकडचं ऐकत होती.

सुट्टीआधीचा आठवडा शिक्षकाला नेहमीच जड जातो. परीक्षा झालेली असते, पेपर तपासून झालेले असतात. आमच्या पापडीच्या शाळेत निम्मी मुलं ख्रिस्ती. त्यांच्या घरी गोठ्याचा देखावा आणि कागदी चांदण्या सुरू झालेल्या, आणि वाडीतल्या हिंदू मुलांचं लक्षही त्या चांदण्यांतच. रोझलीनने हेडमास्तरांकडून हा आठवडा मागून घेतला होता. पाच दिवस पुस्तक बंद, मुलांनी हाताने काहीतरी करायचं, शनिवारी पालकांना दाखवायचं. हेडमास्तर हरेश्वर मास्तर तिला हो म्हणाले आणि मग, मला वाईट वाटू नये म्हणून असेल, मलाही म्हणाले, "जयवंतीबाई, तुमच्या वर्गाचंही काहीतरी मांडा."

त्यामागे आणखी एक गोष्ट होती आणि ती आम्हा दोघींनाही ठाऊक होती. जूनपासून शाळेला आठवीचा वर्ग जोडला जाणार होता. त्याच्यासाठी विज्ञानाची वेगळी खोली बांधून झाली होती. खोलीत ओटा होता, मोरी होती, उत्तरेला खिडकी होती. त्या वर्गाला विज्ञानाची एकच शिक्षिका मिळणार होती आणि तिचं नाव सुट्टीआधी शिक्षण खात्याला कळवायचं होतं. मी बी.एस्सी. झालेली, पण ट्रेनिंग कॉलेजला न गेलेली. रोझलीन इंटर सायन्स, पण ट्रेनिंगचा दाखला असलेली. हरेश्वर मास्तरांनी आम्हाला दोघींना एकदमच बोलावून सांगितलं होतं, "कागदावर दोघी सारख्याच. मी काम बघतो, शनिवारी ठरवतो."

मला तो वर्ग हवा होता. चार वर्षं मुंबईला जाऊन मी रसायनशास्त्र शिकले, आणि तीन वर्षं इथे ऑक्सिजन रंगहीन व गंधहीन असतो हे मुलांकडून पाठ करून घेत होते. आठवीला तो तयार करून दाखवता आला असता. याहून मोठं कारण नव्हतं, पण मला ते पुरेसं होतं.

रोझलीन पाचूबंदरची. घर मासेमारीचं. जूनमध्ये ती शाळेत आली आणि दिवाळीपर्यंत मुलं तिला 'टीचर' म्हणायला लागली. मला ती 'बाई' म्हणत, जशी सगळ्यांनाच म्हणत. तिला मारलेल्या हाकेत काहीतरी निराळं होतं. तट्टीतून 'टीचर, टीचर' असं दिवसातून किती वेळा ऐकू येतं ते मी एकदा मोजायला घेतलं होतं आणि चाळीसनंतर सोडून दिलं होतं.

तिची सातवी ब सुकेळी करणार होती. आमच्या भागात राजेळी केळी सोलून उन्हात वाळवतात, त्याला सुकेळी म्हणतात. आमच्या वाडीतल्या कुठल्याही घरातल्या पोराला ते येतं. त्यात शिकण्यासारखं काय आहे, असं मी स्वयंपाकघरात आईला म्हणालेही.

आई म्हणाली, "तू कधी शिकवलंस का गो कोणाला?"



त्याआधीच्या शुक्रवारी रोझलीन माझ्याकडे आली होती. शाळेत काचेच्या पेटीतला एक पितळी तराजू होता आणि ज्या कपाटात तो असे त्याची किल्ली माझ्याकडे.

"पाच दिवसांसाठी तराजू मिळेल का, जयवंतीबाई? केळं रोज किती हलकं होतं ते मुलांना बघायचंय."

"तो रसायनांसाठी आहे. केळ्याचा चिकटा लागला तर काटा अडकेल."

"हां, ते बरोबर," ती म्हणाली. ती जराही नाराज झाली नाही. तीच गोष्ट मला दोन दिवस टोचत राहिली. मी सांगितलेलं कारण खरं होतं. माझं कारण मात्र ते नव्हतं.

सोमवारी तिच्या मुलांनी करवंट्यांचे तराजू केले. करवंट्यांना तीन तीन भोकं, सुंभाची दोरी, वर बांबूची काडी. वजनं नव्हती म्हणून चिंचोके. एका आकाराचे, कीड न लागलेले चिंचोके निवडायला तिने सबंध पहिला तास दिला. त्या तासाला काय काय गमती चालल्या असतील ते अकरा वेळांच्या हसण्यावरून मी ओळखलं. सायमन नावाचा पाचूबंदरचा मुलगा चिंचोके भाजून खायला निघाला होता, असं मधल्या सुट्टीत कळलं.

"टीचर, भाजलेला हलका होतो का ते बघत होतो," तो म्हणाला म्हणे. आणि रोझलीनने त्याला न रागावता एक भाजलेला आणि एक कच्चा चिंचोका समोरासमोर ठेवायला लावलं.

केळी प्रेमलताच्या वाडीतून आली होती. प्रेमलता सहावीत माझ्याकडे होती. कमी बोलणारी, आखीव अक्षराची मुलगी. तुकड्या पडल्या तेव्हा ती 'ब'मध्ये गेली. वर्षभर ती माझ्याबरोबर घरी चालत येत असे. जुलैपासून ती रोझलीनबरोबर थांबू लागली. रोझलीनने नोंदीची वही तिच्याकडे दिली. एका केळ्याला दोरा बांधून खूण केली, आणि त्या केळ्याचं वजन रोज शाळा भरताना व सुटताना करून लिहायचं ठरलं. सोमवारी सकाळी एकशे बासष्ट चिंचोके. सोमवारी संध्याकाळी एकशे पंचेचाळीस.

हे आकडे मला कसे ठाऊक, असं कोणी विचारलं असतं तर मला सांगता आलं नसतं. शाळा सुटल्यावर मी त्यांच्या वर्गात जाऊन वही उघडून बघत होते.

सुकेळी कशी करतात ते रोझलीनला माहीत नव्हतं आणि ती ते लपवत नव्हती. तट्टीपलीकडून तिचा आवाज येई: "मला येत नाही. मधू, तूच सांग, आता पुढे काय करायचं?" मग मधू सांगे, त्याला दुसरा अडवी, तिसरी म्हणे आमच्याकडे असं नाही करत. मी तीन वर्षांत वर्गासमोर 'मला येत नाही' असं एकदाही म्हटलं नव्हतं. म्हणायची वेळच येऊ दिली नव्हती.

मंगळवारी मात्र मला खरोखर लागलं. तिसरा तास होता. पलीकडे कोणीतरी विचारलं, "टीचर, चिंचोकेच हलके-जड झाले तर?"

रोझलीनने तो प्रश्न सगळ्या वर्गाला पुन्हा ऐकवला. मग म्हणाली, "मग जो हलका-जड होत नाही असा कोणीतरी गडी पाहिजे. कोण आहे असा?"

"दगड," सायमन म्हणाला. "आमचे हेडमास्तर."

हशा झाला. ती पण हसली असावी. "दगड चालेल," ती म्हणाली. "हेडमास्तर नको, ते चहा पितात."

तेव्हापासून ते रोज केळ्याबरोबर एक गोटाही तोलू लागले. गोटा एकसष्ट चिंचोक्यांचा. दर वेळी एकसष्ट भरला की त्या वेळचं केळ्याचं वजन खरं मानायचं. मी खडू हातात धरून फळ्याकडे तोंड करून उभी राहिले. कॉलेजच्या प्रयोगशाळेत मी हेच शिकले होते, परीक्षेत लिहिलं होतं, त्याला नाव काय ते मला माहीत होतं. मुलांना ते कधी सांगावंसं वाटलं नव्हतं, कारण त्यांना ते कळणार नाही असं मी धरून चालले होते.

माझ्या सातवी अ ने पाण्याच्या रूपांतराचा तक्ता करायला घेतला. रंग मी निवडले, अक्षरं मी पेन्सिलीने आखून दिली, मुलांनी त्यावरून शाई फिरवली. तक्ता सुबक होत होता.

बुधवारी संध्याकाळी रोझलीन चार वाजताच मुलांना घेऊन चर्चच्या हॉलमध्ये नाताळच्या नाटकाच्या तालमीला गेली. जाताना तिने सायमनला मागे ठेवलं. "सगळं आवरून ठेव आणि मग ये," असं ती म्हणाली, ते मी ऐकलं. सायमनने वर्ग झाडला, करवंट्या एकात एक घातल्या, चिंचोके डब्यात भरले, पाटी पुसली. मग तोही पळत गेला.

मी तक्त्याच्या कडा रंगवत थांबले होते. साडेसहाला निघाले तेव्हा मागच्या अंगणात बांबूच्या मांडवावर केळी तशीच होती. सोललेली, पिवळसर तपकिरी झालेली, चटईवर ओळीने. सोमवारी आणि मंगळवारी वाडीतल्या मुलांनी ती कोणी न सांगता ओसरीवर आत नेली होती. त्यांच्या हातांना ते ठाऊक होतं. आज ती मुलं तालमीला होती. आणि सायमन पाचूबंदरचा. त्यांच्याकडे बोंबील एकदा वलांडीवर, म्हणजे बांबूच्या आडव्या दांडीवर, टांगले की सुकेपर्यंत तिथेच असतात, रात्रीचेही. त्याच्या दृष्टीने आवरायचं ते सगळं त्याने आवरलं होतं.

डिसेंबरात आमच्याकडे दव फार. कौलांवरून सकाळी पागोळ्या पडतात इतकं. अर्ध्या सुकलेल्या केळ्याच्या अंगावर साखर आलेली असते, ती हवेतलं पाणी ओढून घेते. म्हणून वाडीत एक रीत आहे: दव पडायच्या आत ज्याला उघडा मांडव दिसेल त्याने तो झाकायचा. मांडव कोणाचा, त्या घराशी तुमचं बोलणं आहे की नाही, हे बघायचं नाही. आमच्या शेजारच्या घराशी बांधावरून आमचा नऊ वर्षं अबोला आहे आणि तरी त्यांच्या केळ्यांवर माझ्या आईने कितीदा सोपटं, म्हणजे केळीची वाळली पानं, पसरली आहेत, त्यांनी आमच्या.

मांडवाशेजारी केळीच्या वाळल्या पानांची चळत होती. चटईला दोन टोकं होती. ओसरी दहा पावलांवर होती.

मी मांडवाच्या काठाला बोट लावून बघितलं. बांबू गार लागला. मी पदर आवळून घेतला आणि फाटकाबाहेर पडले. वाटेत मी स्वतःला सांगत होते की केळी सातवी ब ची आहेत, त्यांचं ते बघतील. विहिरीपर्यंत येईतो हे मी तीनदा म्हटलं. ज्या गोष्टीची खात्री असते ती तीनदा म्हणावी लागत नाही.

घरी आई शेजाऱ्यांच्या अंगणातून येत होती, हातांना सोपटांची धूळ लागलेली. "ती सगळी गेली आहेत लग्नाला, आणि मांडव उघडा टाकलाय," ती म्हणाली. मी पाय धुवायला मागे निघून गेले.

गुरुवारी सकाळी मी लवकर शाळेत आले. चटई ओसरीवर होती. बॅप्टिस्ट नावाच्या शिपायाने पहाटे झाडताना, कावळे येतील म्हणून, उचलून नेहमीच्या जागी ठेवली असणार. केळ्यांवर ओल चमकत होती. मुलं आली, त्यांनी केळी जागच्या जागी पाहिली, आणि कोणालाच काही वावगं वाटलं नाही. मी माझ्या वर्गात जाऊन हजेरी घेऊ लागले आणि नावं घेता घेता पलीकडे कान दिला.

"एकशे सोळा," प्रेमलताचा आवाज.

"काल संध्याकाळी किती?" रोझलीन.

"एकशे नऊ."

मग सायमन: "टीचर, केल्यानं रातचं उठून पानी पिलंय."

सगळे हसले. हे सगळ्यात बरोबर उत्तर होतं आणि कोणी ते उत्तर म्हणून ऐकलं नाही.

"पुन्हा मोज," रोझलीन म्हणाली. "गोटा पण."

पुन्हा एकशे सोळा. गोटा एकसष्ट.

"सायमन, काल सगळं आवरलंस ना?"

"हो टीचर. झाडलं पन."

वाडीतल्या मुलांना वाटलं, आवरलं म्हणजे आत घेतलं. रोझलीनला यापुढे काही विचारावं असं सुचलंच नाही. तिच्या घरी तसा प्रश्नच नसतो. तिने भिंतीवरच्या कागदावर आलेखाची रेघ काढायला लावली. रेघ खाली खाली येत होती आणि गुरुवारच्या सकाळी तिला एक दात फुटला होता.

"हे का झालं ते मला माहीत नाही," ती म्हणाली. "तुम्हाला कळलं तर सांगा. तोपर्यंत जसं आहे तसं ठेवू."

तो दिवस आणि शुक्रवार माझे चांगले गेले. हे मी लिहिते आहे कारण ते खरं आहे. माझा तक्ता पुरा झाला. पलीकडे मुलं त्या दातावर भांडत होती, एकमेकांना खोटं ठरवत होती, आणि मी शुक्रवारी मुलांना ऑक्सिजनबद्दल पुस्तकाबाहेरचं थोडं सांगितलंसुद्धा.

शनिवारी पालक अकराला यायचे होते. दहा वाजता हरेश्वर मास्तर दोन्ही वर्ग बघायला आले. कोट घातलेला, चष्मा कपाळावर. माझ्या तक्त्यासमोर उभे राहून म्हणाले, "सुबक आहे, बाई." मग तट्टीला वळसा घालून पलीकडे गेले. मीही गेले; जायचं कारण नव्हतं. लवकर आलेल्या चार-पाच आया दारात उभ्या होत्या.

करवंट्यांचे तराजू त्यांना आवडले. त्यांनी एका पारड्यात स्वतःचा चष्मा ठेवून बघितला, पंचेचाळीस चिंचोके भरला, तेव्हा मुलं टाळ्या वाजवू लागली. मी त्यांना तीन वर्षांत असं हसताना पाहिलं नव्हतं. मग ते भिंतीवरच्या आलेखाशी आले आणि चष्मा खाली ओढला.

"हे काय? वाळत घातलेली वस्तू जड कशी होईल?"

"आम्हालाही कळलं नाही सर," रोझलीन म्हणाली.

"कळायचंय काय त्यात? एकशे सहाचं एकशे सोळा झालंय. बघा, एकशे सहा धरलं की रेघ कशी सरळ येते." त्यांनी बोटाने हवेत रेघ ओढून दाखवली. ती खरंच सरळ येत होती. "नोंद कोणाची?"

प्रेमलता उभी राहिली.

"दुरुस्त कर, पोरी. पालक यायच्या आत."

"सर, मी दोनदा मोजले."

"दोनदाही चूक होते."

"एकशे सोळाच होते, सर." तिचा आवाज बारीक झाला, पण ती खोडरबराकडे गेली नाही.

"सर, नोंद बदलू नये असं मला वाटतं," रोझलीन म्हणाली. "कारण कळेपर्यंत."

"रोझलीनबाई, दारात आया उभ्या आहेत. केळं उन्हात जड होतं असं ह्या शाळेत शिकवतात म्हणतील." मास्तर रागावले नव्हते, ते दमले होते. "ज्या वर्गाला मोजून लिहिता येत नाही त्याच्या शिक्षिकेचं नाव मी आठवीसाठी कसं पाठवू? मला आज पाठवायचंय." मग ते माझ्याकडे वळले. "जयवंतीबाई, तुम्ही पदवीधर. तुम्ही सांगा. लिहिण्यातलीच चूक ना?"

सगळे माझ्याकडे बघू लागले. मला फक्त 'असावी' एवढंच म्हणायचं होतं. त्या एका शब्दात ती नवी खोली होती, ओटा होता, उत्तरेची खिडकी होती. आणि कोणी म्हणू शकलं नसतं की मी खोटं बोलले.

मी ते म्हटलंही नाही आणि खरंही सांगितलं नाही. मी म्हणाले, "चिंचोके हे तसं भरवशाचं माप नाही. हवेने त्यांत फरक पडतो."

"बाई, गोटा," प्रेमलता म्हणाली. तिने वही माझ्यासमोर धरली. मंगळवारपासूनच्या प्रत्येक नोंदीपुढे गोट्याचं वजन होतं. एकसष्ट, एकसष्ट, एकसष्ट. गुरुवारी सकाळी एकसष्ट. "चिंचोके बदलले असते तर गोटा पण बदलला असता ना?"

ती वाद घालत नव्हती, मला विचारत होती. तिला वाटत होतं की मला उत्तर माहीत असणार. सहावीत पहिल्या दिवशी मी त्यांना सांगितलं होतं की जे दिसेल तेच लिहायचं, जे दिसायला हवं ते नाही. बाकीच्या मुलांनी ते वहीत उतरवून घेतलं होतं. या मुलीने ते खरं मानलं होतं, आणि आता तिचे डोळे भरले होते आणि ती पापणी न हलवता ते तसेच ठेवत होती.

एकशे सोळा हा आकडा बरोबर होता. त्या खोलीत हे माहीत असलेली मी एकटीच होते. माझ्या मनात त्या क्षणी रोझलीनबद्दल काही चांगलं आलं असं नाही. मला इतकंच कळत होतं की बरोबर आकडा माझ्या डोळ्यांदेखत खोडला जाणार आहे आणि ते मला बघवणार नाही.

"नोंद बरोबर आहे, सर," मी म्हणाले. "बुधवारी रात्री केळी बाहेर राहिली होती. त्यांनी दव ओढून घेतलं. सात चिंचोके दवाचे आहेत."

"तुम्हाला कसं माहीत?"

"मी पाहिलं होतं. साडेसहाला. मांडव उघडा होता."

मास्तरांनी चष्मा पुन्हा कपाळावर सरकवला. तेही वाडीतलेच. "मग झाकला नाहीत?"

दारातल्या आयांची कुजबुज थांबली. त्यांच्यात प्रेमलताची आई होती. आमच्याकडे हा प्रश्न फार मोठा आहे. तो कोणाला विचारायची वेळ सहसा येत नाही.

"नाही," मी म्हणाले.

"विसरलात?"

"नाही. विसरले नाही."

मला वाटलं आता कोणीतरी काहीतरी बोलेल. बोलला तो सायमन, आणि तोही माझ्याबद्दल नाही.

"पन टीचर," तो गोंधळून म्हणाला, "सुकत घातलेला आत कशाला न्यायचा? आमच्याकडं बोंबील बाहेरच असतात की."

मधू म्हणाला, "येड्या, बोंबलात साखर असते काय?"

रोझलीनने कपाळाला हात लावला. "मला पण नव्हतं माहीत," ती म्हणाली. "आमच्या घरी कोणी आत नेत नाही. मी विचारलंच नाही." मग ती माझ्याकडे वळली. तिचा चेहरा लाल झाला होता, आवाज मात्र नेहमीचा होता. "जयवंतीबाई, साखर पाणी कशी ओढते ते मुलांना सांगाल का? मला नीट सांगता येणार नाही."

मला वाटतं ती हे चांगुलपणाने म्हणाली नाही. मुलांना कारण हवं होतं आणि ते माझ्याकडे होतं, म्हणून म्हणाली. मी सांगितलं. खडीसाखरेचा खडा पावसाळ्यात चिकट का होतो तिथून सुरुवात केली. दहा मिनिटं लागली असतील. मुलं ऐकत होती, प्रश्न विचारत होती, पण दर प्रश्नाच्या आधी रोझलीनकडे बघत होती, बाईंना विचारू का अशा नजरेने. प्रेमलताने आलेखातल्या दातापाशी 'दव, ७ चिंचोके' असं लिहिलं. तिने माझ्याकडे पाहिलं नाही.

अकराला पालक आले. सगळे त्या दातापाशीच थांबत होते. वाडीतल्या बायका हसून म्हणत, "हे तर आम्हाला माहीतच होतं," आणि पाचूबंदरच्या बायका म्हणत, "आम्हाला काय ठाऊक," आणि मुलं दोघींनाही समजावून सांगत. सरळ रेघेपाशी कोणी इतका वेळ थांबलं नसतं. सातवी अ च्या तक्त्यासमोर माझ्या वर्गातल्या मुलांच्या आया उभ्या राहून गेल्या.

गर्दी ओसरल्यावर रोझलीन माझ्याजवळ आली. हातात करवंट्या होत्या.

"तुम्हाला मला फक्त एक हाक मारायची होती," ती म्हणाली. "तालमीचा हॉल समोरच आहे."

"हो."

"मी तुम्हाला काय केलं होतं?"

मी विचार केला. "काही नाही," मी म्हणाले. ते खरं होतं आणि त्याने काहीच सुटत नव्हतं. ती करवंट्या घेऊन गेली.

दीड वाजता हरेश्वर मास्तरांनी मला बोलावलं. कारकून सुट्टीवर गेला होता आणि टपाल अडीचला निघे. खात्याचा छापील फॉर्म टेबलावर होता, शेजारी मास्तरांनी पेन्सिलीने खरडलेला कच्चा मजकूर.

"तुमचं अक्षर चांगलं आहे," ते म्हणाले. "एवढं शाईने उतरवून द्या." वर न बघता पुढे म्हणाले, "तुम्ही कोणत्या वेळेला खरं सांगितलंत ते मी विसरणार नाही. पण आधीचंही विसरता येणार नाही, बाई."

"बरोबर आहे, सर."

मी टाक बुडवला. नावाच्या रकान्यात रोझलीनचं संपूर्ण नाव लिहिलं. शिक्षणाच्या रकान्यात इंटर सायन्स लिहिलं आणि तिथे हात जरा रेंगाळला. प्रशिक्षण. अनुभव, सहा महिने. शेवटचा रकाना विशेष कामाचा होता. कच्च्या मजकुरात मास्तरांनी तिथे घाईघाईने लिहिलं होतं: 'मुलांकडून प्रत्यक्ष कामे करून घेतात. नोंदी ठीक.'

पहिलं वाक्य मी उतरवलं. खोलीबाहेर सातवी ब ची मुलं जाता जाता तिला हाका मारत होती, टीचर, हॅपी ख्रिसमस, टीचर, सुट्टीत आमच्या घरी या. मला हेवा वाटला. बुधवारच्या संध्याकाळी वाटला होता तेवढाच, काही कमी नाही. मी 'नोंदी ठीक' एवढं लिहिलं आणि टिपकागद दाबला.

मग तो फॉर्म बाजूला ठेवून मी मास्तरांकडे दुसरा मागितला.

"शाई सांडली का?"

"नाही सर. शब्द चुकला."

सगळं पुन्हा पहिल्यापासून लिहायला वीस मिनिटं लागली. शेवटच्या रकान्यात मी लिहिलं: 'नोंदी अचूक.' शाई वाळू दिली आणि फॉर्म सहीसाठी त्यांच्यापुढे सरकवला.